रूपाली रूपाली यांची पोस्ट

"मॅडम, कॉमेंट बंद कुणी केल्या?"

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी अजून डबाही पिशवीतून काढला नव्हता. पर्स खांद्यालाच, एक हात माउसवर आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर पुण्याहून मार्केटिंगचे प्रसाद सर.

"मी केल्या," म्हटलं.

"का पण? तासाभरात एवढा रिस्पॉन्स या वर्षात कुठल्याच पोस्टला आला नाही."

"सर, लोक एका बाईला शिव्या घालतायत."

"आपल्या कस्टमरला?"

"कस्टमरच्या बायकोला."

सर म्हणाले, "शिव्या तेवढ्या काढून टाका ना. पोस्ट चालू राहू दे."

शिव्या तेवढ्या काढायच्या म्हणजे तांदळातले खडे निवडण्यातला प्रकार. फरक इतकाच, की इथे एक खडा निवडेपर्यंत चार नवे येऊन पडतात. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि कॉमेंट बंदच ठेवल्या.

मी शिरवळला पशुखाद्याच्या एका कारखान्यात नोकरी करते. पशुसंवर्धनाची पदविका आहे, डॉक्टर नाही. पहिली दहा वर्षं फिल्डवर काढली. माण, खटाव, आटपाडी, जत, सगळीकडे जीपमधून फिरले. मग गुडघा गेला. कंपनीने मला टेबल दिलं आणि टेबलाबरोबर हा ऑनलाइन ग्रुप गळ्यात घातला. ग्रुप मेंढ्यांचा. मेंढपाळांचा नव्हे, मेंढ्याची हौस असणाऱ्यांचा. हा फरक बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगते. मेंढपाळ कळप घेऊन रानोमाळ हिंडतो, त्याचं पोट त्यावर. हौशी माणूस दारात एकच मेंढा पाळतो. त्याला कणसं, मका, अंडी चारतो, आंघोळ घालतो, गळ्यात घुंगरू बांधतो आणि जत्रेतल्या प्रदर्शनात मिरवतो. मेंढ्याचं नाक किती वाकडं, कान किती लांब, उंची किती, यावर ही माणसं तासन्‌तास वाद घालू शकतात. भांडणंही होतात. मागे एकदा नाकाच्या बाकावरून दोन सख्खे साडू एकमेकांना ब्लॉक करून बसले होते.

माणकडचे पुष्कळ पुरुष मुंबईत. हौस त्यांची, मेंढा गावात. त्यामुळे मेंढ्याला चारा घालते बायको, पाणी पाजते बायको, व्हिडिओ काढून मुंबईला पाठवते बायको. मालक तो व्हिडिओ ग्रुपवर टाकतो आणि खाली लोक लिहितात, "नाद खुळा भाऊ, लय जपलंय." सुट्टीला आला की फेटा बांधून मेंढ्याची दोरी धरून त्याचा फोटो. मी इतकी वर्षं ते फोटो पाहतेय. दावणीला राबणारी बाई त्यात कधी दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर ती दिसत नाही हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

ग्रुपवर माझं काम मॉडरेटरचं. सोप्या भाषेत, वेशीवरचा राखणदार. कुणी पोस्ट लिहिली की ती लगेच दिसत नाही, आधी माझ्याकडे रांगेत येते. त्याला पेंडिंग म्हणतात. मी वाचते आणि 'अप्रूव्ह' किंवा 'डिक्लाइन' दाबते. अप्रूव्ह केलं की सगळ्यांना दिसतं, डिक्लाइन केलं की कुणालाच नाही. जुन्या आणि भरवशाच्या सदस्यांना मी रांगेतून सूट दिली होती, त्यांची पोस्ट थेट जाते. दादासो त्यांपैकी एक.

दादासो म्हणजे म्हसवडच्या पुढच्या एका वाडीचा माणूस. नवी मुंबईत बाजारात माल उतरवायचं काम करतो. त्याचा मेंढा सुलतान हा आमच्या ग्रुपवरचा हिरोच होता. दर रविवारी सुलतानचा व्हिडिओ यायचाच. त्या गुरुवारी सकाळी मात्र फोटो आला तो आडव्या पडलेल्या सुलतानचा, आणि वर लिहिलेलं:

"सुलतान गेला. प्रदर्शन आठ दिसांवर आन घरात उपाशी ठेवून मारला. दोन दिस आजारी व्हता. माज्या बायकूनं कुणाला ईचारलंसुदीक न्हाई."

आधी हळहळ आली. मग राग आला. मग कुणीतरी लिहिलं, असल्या बाईला घरात ठेवू नका. दुसऱ्याने तिचं माहेर कुठलं ते लिहिलं. तिसऱ्याने तिचा फोन नंबर टाकला, 'विचारा की हिला' म्हणून. हा तिसरा शेजारच्याच वाडीचा होता.

अशा वेळी काय करायचं हे आता हाताला पाठ झालंय. आधी कॉमेंट बंद. मग नंबर काढायचा. मग नंबर टाकणाऱ्याला म्यूट करायचं, म्हणजे काही दिवस त्याचं तोंड बांधायचं. बायकांबद्दल घाण लिहिणारे चौघे बाहेर. शेवटी मूळ पोस्ट डिलीट. आग विझवायची आणि राखही उचलून न्यायची, अशी आमची पद्धत. पोस्टच नाहीशी झाली की दोन दिवसांत लोक विसरतात.

मी बाकी सगळं उरकलं आणि डिलीटवर बोट नेलं. तेवढ्यात फोटो नीट पाहिला.

मेंढा उपाशी मेलेला नव्हता. उपाशी जनावराची कूस, म्हणजे बरगड्यांमागची बाजू, आत गेलेली असते. सुलतानची डावी कूस ढोलासारखी फुगली होती. हे मी दहा वर्षं दारोदार पाहिलंय. जनावराला एकदम जास्त धान्य घातलं, विशेषतः मका, की पोटात आंबतं, आम्ल होतं, रवंथ बंद पडतो, पोट फुगतं आणि दोन-तीन दिवसांत जनावर जातं. प्रदर्शनाच्या आधी तर हे ठरलेलंच. महिनाभरात हळूहळू वाढवायचा खुराक हौशी माणूस आठवड्यात वाढवतो. मेंढा अंगावर भरलेला दिसला पाहिजे ना.

मी सर्चमध्ये दादासोचं नाव टाकलं. आदल्या शुक्रवारची त्याची पोस्ट सापडली. "सुलतान जरा उतरल्यासारका वाटतोय. काय करावं?" खाली सतरा जणांचे सल्ले. त्यातला एक, "मका डबल करा, आठ दिसांत फरक बगा." त्यावर पुष्कळ अंगठे. त्यातला एक अंगठा आमच्या कंपनीच्या पेजचा. म्हणजे माझा. मी दिवसाला शेकड्याने अंगठे देते. वाचून देते असं म्हणत नाही.

त्याच वेळी पेजच्या इनबॉक्समध्ये एक मेसेज आला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. देवनागरीत लिहून दाखवते.

"म्याडम मी ईचारलं व्हतं. सोमवारीच ईचारलं व्हतं. तुमच्या ग्रुपात. ते दिसलंच न्हाई."

पाठवणाऱ्याचं नाव 'रूपाली रूपाली'. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल.

मॉडरेटरच्या प्रत्येक हालचालीची नोंद राहते, तिला ॲक्टिव्हिटी लॉग म्हणतात. कुणी कुठली पोस्ट कधी नाकारली आणि का, सगळं त्यात असतं. मी सोमवार उघडला. संध्याकाळी सहा वाजून आठ मिनिटं. कंपनीची बस सव्वासहाला सुटते. तेवढ्या वेळात मी एकोणचाळीस पोस्टचा निकाल लावलेला दिसत होता. त्यातली एक:

"मेंडा सकाळपासून रवंथ करीना. डावं पोट टम्म फुगलंय. मका लय खाल्लाय. डाक्टरांचा फोन लागंना. मालक मुंबईला हायत. काय देऊ, कुनी सांगा."

पुढे माझं नाव. त्याच्या पुढे कारणाचा रकाना, आणि त्यात माझ्याच हातचा एक शब्द. फेक.

म्हणजे खोटं खातं. आमच्या ग्रुपवर बाईच्या नावाने येणारी खाती बहुतेक खोटीच असतात. कुणी मोबाइलची कव्हरं विकतं, कुणी पुरुषांना चॅटवर ओढून फसवतं. ओळखायच्या खुणाही ठरलेल्या. बाईचं नाव, आडनाव नाही, फोटोत फूल किंवा बाळ, इंग्रजी अक्षरं. चारांपैकी दोन जुळल्या की मी वाचत बसत नाही. या पोस्टमध्ये सगळ्याच जुळत होत्या. बाळ नव्हतं, फूल होतं.

उत्तर एका ओळीचं होतं. मका बंद करा, खायचा सोडा कोमट पाण्यातून पाजा, मेंढा बसू देऊ नका आणि काहीही करून डॉक्टर गाठा. टाइप करायला मला मिनिटही लागलं नसतं. मेंढा वाचलाच असता असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. सोमवारी संध्याकाळी कळलं असतं तर वाचायला जागा होती, एवढं मात्र मला माहीत आहे. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

मग तिला फोन केला. नंबर होताच, शेजारच्या वाडीच्या त्या महाभागाने सगळ्यांना दिलेला. पहिल्या दोन वेळी तिने उचलला नाही. सकाळपासून किती अनोळखी फोन येत असतील ते कळत होतं. मी आधी मेसेज पाठवला, 'शिरवळहून ग्रुपच्या मॅडम बोलतेय', आणि मग परत लावला.

"कोन?" आवाज बारीक.

"रूपाली का? मी ग्रुपची मॅडम. तुमची पोस्ट मला सापडली."

"व्हती का?"

"होती. मी नाकारली होती. चूक माझी झाली."

मागे कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"ते विंग्रजीत कायतरी आलं व्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, वाट बगा म्हनत्यात. मी बगत बसले."

"मालकांना फोन केला नव्हता?"

"केला की. 'कामात हाय, मागनं करतो' म्हनून ठेवला. आत्याबाई, ह्येंच्या आय, नणंदंकडं गेलेल्या. त्या बुधवारी आल्या, तवर सुलतान गेल्ता." मग म्हणाली, "म्याडम, ह्ये रविवारी येत्यात. पिशवी भरून ठेव म्हनलंय. आटपाडीकडं माज्या आयच्यात नेऊन सोडतो म्हनं. मेंढ्यापायी न्हाई ओ, 'ईचारलं न्हाईस' म्हनून. मी सांगत्ये ईचारलं व्हतं, तर म्हनत्यात दाव. काय दावू?"

आता गोष्ट माझ्यापुरती सरळ झाली. या बाईने विचारलं होतं याचा जगात एकच पुरावा होता आणि तो माझ्याकडे होता. मी दादासोची पोस्टही डिलीट करून ग्रुप झाडून स्वच्छ केला असता आणि तो पुरावा लॉगमध्येच राहू दिला असता, तर तिच्या हातात काहीच उरलं नसतं.

मी प्रसाद सरांना फोन लावला. सर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, पण त्यांनी मेंढा फक्त ग्राफिकमध्ये पाहिलाय.

"लॉगमधली ती पोस्ट मी ग्रुपवर टाकणार आहे," मी म्हटलं. "ती मी नाकारली, हेही लिहिणार."

"अजिबात नाही. मॅडम, तो इंटर्नल रेकॉर्ड आहे. उद्या लोक म्हणतील, कंपनीमुळे मेंढा मेला."

"मका डबल करा या सल्ल्याला आपल्या पेजचा अंगठा आहे, सर."

"काय?"

"आपण लाइक केलंय."

"मग तो आधी काढा. आणि दादासोची पोस्टही काढा. सगळं क्लीन करा. त्या बाईंना हवं तर एक गिफ्ट हँपर पाठवू."

"तिचा संसार मोडायला आलाय."

"मॅडम, तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे."

"घरगुती होता. आपल्या ग्रुपवर येईपर्यंत."

सर म्हणाले, कंपनीच्या नावाने काहीही टाकायचं नाही, टाकलंत तर मला वर कळवावं लागेल. मी बरं म्हटलं. भांडायची ताकद नव्हती. सकाळपासून दोनशेच्या वर कॉमेंट वाचल्या होत्या आणि अजून दुपार व्हायची होती. रोज एवढी घाण वाचली की माणूस रागावत नाही, नुसता थकतो. त्या थकव्यातच तर सोमवारी बोट पडलं होतं.

संध्याकाळी रूपालीला परत फोन केला. तिची पोस्ट सगळ्यांना दाखवायची तर तिला विचारल्याशिवाय कशी दाखवू? एकदा न विचारता लपवून झालं होतं.

"टाका की," ती म्हणाली. "पर सगळ्यास्नी काय करायचंय? आदी आमच्या घरात वाचून दावा. बाकीची काय माज्या भाकरीला पीठ देनार हायत व्हय?"

म्हणून रविवारी मी निघाले. लॉगची प्रिंट घेतली होती, ऑफिसच्या प्रिंटरवर, न विचारता. शिरवळहून फलटण, फलटणहून दहिवडी, तिथून म्हसवड आणि पुढे वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप. गुडघा दहिवडीलाच बोलायला लागला. या रस्त्याने मी पूर्वी शंभर वेळा गेलेय, तेव्हा लोक हात करून जीप थांबवायचे आणि जनावर दाखवायचे. कोण खरं आणि कोण खोटं असा प्रश्न कधी पडला नव्हता. दारात उभी असलेली बाई खरीच असते.

घर रस्त्याला लागूनच होतं. दारात पत्र्याचं छप्पर, त्याखाली रिकामा खुंटा आणि त्याला अजून तसंच बांधलेलं घुंगराचं दावं. ओट्यावर एक भरलेली पिशवी. दादासो पहाटेच्या गाडीने आला होता. फोटोतल्यापेक्षा लहानखुरा वाटला, डोळे तांबारलेले. त्याने प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. माझं नाव त्याला माहीत होतं, चेहरा नव्हता.

"म्याडम, तुमी कशाला तरास घेतला?" तो म्हणाला. "आमच्या घरातलं हाय."

"माझ्या ऑफिसातलंही आहे," मी म्हटलं आणि कागद काढला.

त्याची आई उंबऱ्यात बसली होती. रूपाली आत, चुलीपाशी उभी. तिशीची असेल, किरकोळ. मी ती पोस्ट मोठ्याने वाचली. दिवस, वेळ, सगळं. 'मका लय खाल्लाय' हे आलं तेव्हा दादासोने मान खाली घातली.

दादासोने कागद हातात घेतला आणि उलटसुलट पाहिला.

"ही सोमवारची हाय?"

"सोमवारची. सहा वाजून आठ मिनिटं."

"मग आमाला का दिसली न्हाई?"

"मी नाकारली."

"का?"

हा प्रश्न येणार हे शिरवळपासून माहीत होतं. उत्तरही तयार केलं होतं. त्यात पॉलिसी, स्पॅम, व्हेरिफिकेशन असं बरंच काही होतं. ते तोंडातून निघेना.

"खोटं खातं वाटलं मला. बाईचं नाव होतं, म्हणून."

उंबऱ्यातल्या म्हातारीने माझ्याकडे खालून वर एकदा पाहिलं.

"आन तुमी कोन हायसा, बाई?" ती म्हणाली.

मी पदराशी चाळा करत बसले.

मग मीच विषय पुढे नेला, कारण तेवढं काम मला येत होतं. फोटो दाखवला. कूस दाखवली. उपाशी जनावर कसं दिसतं आणि धान्याने गेलेलं कसं दिसतं ते सांगितलं. दादासो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "मका म्याच वाढीवला. ही म्हनत व्हती, एवढा नको. म्या म्हनलं, ग्रुपवर मोठीमोठी मानसं सांगत्यात, तुला काय कळतंय."

"त्या मोठ्या माणसांना मीही अंगठा दिला होता," मी म्हटलं. निदान वाटा तरी बरोबरचा उचलावा.

तो रिकाम्या खुंट्याकडे बघत राहिला. "म्याडम, लय जीव व्हता त्यो. बाजारात धा तास पोती उचलायची आन खोलीवर येऊन त्येचा व्हिडिओ बगायचा. तेवढंच."

"जीव तिचाबी व्हता," आई म्हणाली. "तू व्हिडिओ बगत व्हतास. ती श्याण काढत व्हती."

रूपालीने चहा आणला. कप ठेवताना मी तिला विचारलं, नाव दोनदा का लिहिलंय?

"फोन आडनाव मागत व्हता," ती म्हणाली. "माहेरचं टाकावं का सासरचं, ते कळंना. मंग माजं सोताचंच दोनदा टाकलं."

चहा होईपर्यंत म्हातारी उठली. ओट्यावरची पिशवी तिने पायाने जरा आत सरकवली, मग वाकून उचलली आणि घरात नेऊन ठेवली. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

निघताना दादासो म्हणाला, "ती पोस्ट तेवढी काढा म्याडम. लाज वाटती."

"काढायला एक बोट लागतं," मी म्हटलं. "पण लोकांनी वाचलंय ते कसं काढू? तुमच्या बायकोचं नाव तिथं गेलंय. त्याच्याखालीच लिहा."

"मला काय लिवता येनार?"

"माझं मी लिहिते. तुमचं तुम्ही लिहा."

मी परतीच्या वडापमध्ये बसून कॉमेंट पुन्हा चालू केल्या आणि दादासोच्या पोस्टखाली माझ्या स्वतःच्या खात्यावरून लिहिलं, कंपनीच्या नव्हे. रूपालीची पोस्ट शब्दशः दिली आणि खाली, 'ही सोमवारी आली होती, मी न वाचता नाकारली, बाईचं नाव पाहून खोटी ठरवली' एवढं लिहून नाव घातलं. अर्ध्या तासाने दादासोचं आलं. "तिनं ईचारलं व्हतं. मका म्या वाढीवला. तिला कुनी काय बोलू नये." काहींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. शिव्या घालणाऱ्यांपैकी कुणी माफी मागितली नाही, ते सुलतानच्या बापाची पैदास कुठली यावर बोलायला लागले. मका डबल करा म्हणणाऱ्याने आपली कॉमेंट गुपचूप पुसली.

सोमवारी मला पत्र मिळालं. अंतर्गत माहिती परवानगीशिवाय बाहेर दिल्याबद्दल समज. मी सही करून घेतलं. महिन्याभराने मीटिंगमध्ये प्रसाद सरांनी एक स्लाइड दाखवली, ग्रुपवर महिला सदस्य वाढवायचं टार्गेट. फोटोत दोरी धरून हसणारी बाई होती, बहुधा दुसऱ्या राज्यातली, आणि मेंढा तर परदेशीच. मी टाळ्या वाजवल्या. वाद घालून काय मिळालं असतं?

माझ्या कामात एवढाच बदल झाला की कारणाच्या रकान्यात मी आता 'फेक' लिहीत नाही. संशय आला की मेसेज पाठवून विचारते, जनावर दाखवा म्हणते. यात दिवसाचा तास-दीड तास जास्त जातो. पश्चात्तापाच्या भरात पहिल्याच आठवड्यात गुलाबाच्या फुलाचं एक खातं न विचारता अप्रूव्ह केलं, ते खरोखरच मोबाइल कव्हरवाल्याचं निघालं. दोन सदस्यांना त्याने गंडवलं आणि त्यांनी मलाच झापलं. तेव्हा या प्रकरणातून मी शहाणी झाले असं काही नाही. रांग पूर्ण वाचून होत नाही आणि कंपनीची बस अजूनही सव्वासहालाच सुटते. कधी कधी मी ती चुकवते.

परवा फोन वाजला. रूपाली. दारात नवीन कोकरू आलंय, त्याला जुलाब लागलेत. मी विचारायचं ते विचारलं, सांगायचं ते सांगितलं. मग म्हटलं, "हेच ग्रुपवर टाका की. मी लगेच अप्रूव्ह करते. चार जणींना उपयोग होईल."

"नगं म्याडम," ती म्हणाली. "तितं उत्तर मिळायला आदी मेंढा मरावा लागतोय. मी आपली तुमालाच ईचारीन."

कोकरू उठलं की कळवा म्हणून मी फोन ठेवला आणि नंबर सेव्ह करायला घेतला. फोनने आधी नाव मागितलं, मग आडनाव. मी दोन्ही ठिकाणी रूपाली लिहिलं.